चीनचा माल आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडी भर घालून)



मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवतो. वार्षिक समारंभात शिक्षकाने उभे राहावे, शिक्षणाचे महत्त्व सांगावे आणि टाळ्या घेऊन खाली बसावे, अशी आपल्याकडे रीत आहे. त्या रीतीने मी चार पाने लिहूनही काढली होती. पण एका पालकांनी मला एक प्रश्न विचारला आणि ती पाने मला बाजूला ठेवावी लागली.

झाले असे की, माझ्या वर्गातला नववीचा एक मुलगा दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आलाच नाही. मी दोन वेळा निरोप पाठविला. घरी जाऊन येईन असे ठरविले. पण वह्या तपासणे, परीक्षा आणि मतदारयाद्यांचे काम यांत महिना-दीड महिना निघून गेला. ही चूक माझी, ती मी इथे कबूल करतो. अखेर चौकशी करीत गेलो, तेव्हा तो मला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, मामाच्या दुकानात सापडला. दुकानात चार्जर, वायरी, दिव्यांच्या माळा, छोटे पंखे छतापर्यंत रचलेले. वडीलही तिथेच होते. त्यांनी मला स्टूल दिले, चहा मागविला आणि हात जोडून म्हणाले, "सर, रागावू नका. पण चीनचा माल विकायला दहावी कशाला लागते?"

मला तिथे उत्तर सुचले नाही. चहा पिऊन मी परत आलो. माणूस भला आहे, घर कष्टाचे आहे, आणि प्रश्नही खोटा नाही. तेव्हा आज मी त्याच प्रश्नाचे उत्तर द्यायचा प्रयत्न करणार आहे. त्यासाठी ज्या देशाचा माल आपण विकतो, त्या देशात गेल्या दीडदोनशे वर्षांत काय काय घडले ते थोडे पाहावे लागेल. वाचकहो, गोष्ट लांबची वाटेल; पण तिचा धागा पुन्हा पुन्हा आपल्या पुण्यात येऊन पोहोचतो.

विद्येसाठी चीनपर्यंत जावे लागले तरी जावे, हे वचन आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेले आहे. हदीस म्हणून ते भरवशाचे नाही असे बहुतेक जाणकार सांगतात, आणि ते आपण मानले पाहिजे. पण वचन कोणाचेही असो, ज्या काळी ते लोकांच्या तोंडी आले त्या काळी चीन म्हणजे दूरचा आणि शहाणा देश, ही समजूत सर्वत्र होती एवढे त्यावरून नक्की कळते. कागद आणि छपाई या दोन्ही गोष्टी जगाला त्या देशाने दिल्या. सातव्या शतकात ह्युएन त्संग हा चिनी भिक्षू आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला. इथली माणसे उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले आहे. पंधराव्या शतकात झेंग हे नावाचा चिनी दर्यासारंग मोठा काफिला घेऊन कालिकतपर्यंत आला. तो युनान प्रांतातल्या मुसलमान घराण्यात जन्मलेला होता, आणि त्याच्याबरोबरचा दुभाषी मा हुआन हाही मुसलमान होता.

मग असा देश पुढे इतका खाली कसा गेला?

आपण सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन बंड गार्डनला जातो. तिथला मुळा-मुठेवरचा जुना दगडी बंधारा १८५० साली पुरा झाला. त्याच्या खर्चाचा मोठा वाटा मुंबईचे दानशूर व्यापारी सर जमशेटजी जिजीभाई यांनी उचलला होता. जे. जे. रुग्णालय उभे राहिले तेही त्यांच्याच देणगीतून. जमशेटजींनी चीनच्या अनेक सफरी केल्या होत्या. त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग चीनच्या व्यापारातून आला, आणि त्या व्यापारात कापसाबरोबर अफू होती.

ही अफू कशी गेली ते समजून घ्या. इंग्रजांना चीनचा चहा हवा होता, पण चीनला इंग्रजांकडचे फारसे काही नको होते. चहाचे मोल चांदीत मोजावे लागे. ती चांदी वाचविण्यासाठी हिंदुस्थानातली अफू चीनमध्ये खपवायची, हा मार्ग निघाला. बिहारची अफू कलकत्त्याहून निघे, माळव्याची मुंबईहून. या धंद्यात पारशी होते, गुजराती होते, आणि आपले कोकणी मुसलमानही होते. जमशेटजींचे एक भागीदार महंमदअली रोगे हे कोकणी मुसलमान होते. पुढे १८७४ साली मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांतही रोगे घराण्याचे नाव येते. इतिहास असा असतो. एका देशाच्या बरबादीतून आलेला पैसा दुसरीकडे दवाखान्याच्या आणि शाळेच्या भिंतीत जातो. दान करणाऱ्यांविषयी आदर ठेवावा. पण मूळ हिशेब विसरू नये.

१८३९ साली लिन त्सेशू या चिनी अधिकाऱ्याने कॅन्टनजवळ अफूच्या सुमारे २०,००० पेट्या नष्ट केल्या. इंग्रजांनी त्यावरून युद्ध केले. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने चीनला हाँगकाँग बेट द्यावे लागले, पाच बंदरे खुली करावी लागली आणि २ कोटी १० लाख चांदीच्या डॉलरांची भरपाई द्यावी लागली. त्यानंतर शंभर वर्षे ज्याला वाटेल त्याने चीनचा लचका तोडला.

आता शिक्षक म्हणून मी यातली एक बाब दाखवू इच्छितो. चीनमध्ये त्या वेळी शिक्षण नव्हते असे नाही. सरकारी नोकरीसाठी परीक्षा घेण्याची पद्धत त्यांच्याकडे हजाराहून अधिक वर्षे चालू होती. पण ती परीक्षा जुन्या ग्रंथांच्या पाठांतराची होती, ती देणारे मूठभर होते, आणि बाईमाणसाला तिथे प्रवेशच नव्हता. शेतकरी निरक्षर राहिला, कारागीर निरक्षर राहिला. तोफा आणि वाफेची जहाजे समोर आली तेव्हा पाठांतर उपयोगी पडले नाही. ती परीक्षा अखेर १९०५ साली बंद करण्यात आली.

दुसरा धागा सोलापूरचा आहे. १९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. पुढच्या वर्षी काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक मदतीला पाठविले. तेव्हा सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीसांचा जन्म १९१० चा. म्हणजे निघाले तेव्हा अठ्ठाविशीही पुरी झालेली नव्हती. बाकीचे यथावकाश परतले, कोटणीस राहिले. उत्तर चीनच्या डोंगराळ भागात, अपुऱ्या साधनांनी त्यांनी जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या. १९४१ साली ते बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. तिथल्याच गुओ छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी विवाह केला. मुलाचे नाव त्यांनी यिनहुआ ठेवले. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच वारले. शांतारामबापूंनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला, तो आपल्या आजी-आजोबांनी पाहिला असेल.

कोटणीसांची सेवा सर्वांना ठाऊक आहे. मला त्यांची दुसरी एक गोष्ट मोलाची वाटते. ते चिनी भाषा शिकले, आणि इतकी शिकले की चिनी मुलांना वैद्यकाचे पाठ त्यांच्याच भाषेत देऊ लागले. परदेशात गेलेला आपला माणूस तिथे शिकला आणि त्याने तिथे शिकविले. म्हणून त्यांचे स्मारक आजही चीनमध्ये जपलेले आहे. सोलापुरातही त्यांच्या घरी स्मारक झाले आहे. शाळेची सहल त्या बाजूला गेली तर जरूर पाहावे.

१९४९ साली चीनमध्ये कम्युनिस्टांचे राज्य आले. तेव्हा तिथे दर १० माणसांत सुमारे ८ निरक्षर होती असे सांगतात. नव्या राज्यकर्त्यांनी काही कामे झपाट्याने केली. चिनी लिपीत अक्षरे हजारोंच्या संख्येने आहेत. साधे वर्तमानपत्र वाचायला दोन-तीन हजार तरी यावी लागतात. १९५६ साली त्यांनी त्यांतली बरीच अक्षरे सोपी केली. प्रौढांसाठी हिवाळ्यात आणि रात्री वर्ग भरविले. १९५० च्या विवाह कायद्याने बळजबरीचे विवाह बंद केले आणि स्त्रीला घटस्फोटाचा हक्क दिला. या सगळ्याचा परिणाम जनगणनेत दिसतो. भारताच्या १९८१ च्या जनगणनेत साक्षर माणसे शेकडा सुमारे ४४ होती. चीनच्या १९८२ च्या जनगणनेत शेकडा सुमारे ६५. मोजणीच्या वयात थोडा फरक आहे, पण अंतर लपत नाही. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

पण पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. चीनला लागलेली ठेच भयंकर होती, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे हा अप्रामाणिकपणा होईल.

१९५८ साली माओ त्से-तुंग यांनी 'मोठी झेप' जाहीर केली. शेती एकत्र केली, घरोघरचे तवे-कढया वितळवून पोलाद करण्याचे खूळ काढले. वरच्यांना खूश करण्यासाठी गावोगावचे अधिकारी पिकाचे खोटे आकडे कळवू लागले. त्या खोट्या आकड्यांवर सरकारने धान्य उचलले, आणि शेतकऱ्याच्या घरात खायला उरले नाही. संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांनी १९५९ साली पत्र लिहून हे चुकते आहे असे कळविले, तर त्यांनाच पदावरून काढण्यात आले. १९५९ ते १९६१ या काळातल्या दुष्काळात किती माणसे मेली याचे अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटीपर्यंत जातात.

आता आपल्याकडे पाहा. १९७२ चा दुष्काळ इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पाऊस गेला, विहिरी आटल्या, जनावरे गेली. लोकांनी मिलो ज्वारी खाल्ली, सुकडी खाल्ली, भर उन्हात खडी फोडली. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. हाल फार झाले. पण चीनसारखी माणसे मेली नाहीत. कारण इथे वर्तमानपत्रे लिहीत होती, आमदार विधानसभेत भांडत होते, मुंबईत मृणाल गोरे यांच्यासारख्या बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर येत होत्या. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. अमर्त्य सेन यांनी हाच फरक दाखविला आहे: जिथे लोकांना बोलता येते तिथे असा दुष्काळ पडू दिला जात नाही. त्याचबरोबर त्यांनी दुसरेही सांगितले की, रोजच्या शाळेच्या आणि आरोग्याच्या बाबतीत चीन आपल्या पुढे गेला आणि आपण तिकडे दुर्लक्ष केले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही एकदम लक्षात ठेवायच्या आहेत.

माणूस एका ठेचेने शहाणा होईलच असे नाही. १९६६ साली तिथे 'सांस्कृतिक क्रांती' सुरू झाली. कॉलेजची प्रवेश परीक्षा बंद झाली. शाळा-कॉलेजांना कुलपे लागली. विद्यार्थ्यांनी शिक्षकांना चौकात उभे केले, त्यांच्या डोक्यावर कागदी टोप्या चढविल्या, काहींचे जीव गेले. पुढे सुमारे १ कोटी ७० लाख शहरी तरुण-तरुणींना शेतावर राबायला पाठविण्यात आले. पुस्तक वाचणे हाच संशयाचा विषय झाला. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला शाळेला सुट्टी मिळाली की आनंद होतो; त्या मुलांना दहा वर्षांची सुट्टी मिळाली होती.

१९७६ साली माओ वारले. पुढल्या वर्षी डेंग शियाओपिंग यांनी ठरविले की, परीक्षा त्याच वर्षी पुन्हा घ्यायची. बातमी ऑक्टोबरमध्ये आली आणि परीक्षा हिवाळ्यात झाली. तयारीला जेमतेम महिना-दीड महिना. शेतातल्या, कारखान्यातल्या, खाणीतल्या तरुणांनी जुनी पुस्तके शोधून काढली. तिशी ओलांडलेले लोकही, मुलेबाळे झालेले, अर्ज घेऊन आले. एकूण ५७ लाख माणसे परीक्षेला बसली. प्रश्नपत्रिका छापायला कागद पुरेना, तेव्हा माओंच्या ग्रंथासाठी राखून ठेवलेला कागद वापरण्यात आला. प्रवेश मिळाला तो सुमारे २ लाख ७३ हजारांना, म्हणजे शंभरात पाचांनाही नाही.

त्या भाग्यवंतांत आन्हुई प्रांतात शेतावर राबणारा एक तरुण होता, ली कछ्यांग. तो पीकिंग विद्यापीठात गेला, कायदा शिकला आणि २०१३ साली चीनचा पंतप्रधान झाला. पंतप्रधान म्हणून पहिल्या परदेश दौऱ्यावर ते भारतात आले, आणि मुंबईत त्यांनी कोटणीसांच्या कुटुंबीयांची भेट घेतली. मला हे फार सूचक वाटते. परीक्षा पुन्हा सुरू झाली नसती, तर तो माणूस शेतावरच राहिला असता.

आता मी त्या पालकांच्या प्रश्नाजवळ येतो.

आपल्या घरी पूर्वी बोहारीण येत असे. जुने कपडे घ्यायची आणि पातेले-डबा द्यायची. चीनच्या चच्यांग प्रांतात यिवू नावाचा एक गरीब तालुका होता. जमीन नापीक. तिथले शेतकरी हिवाळ्यात खांद्यावर कावड घेऊन गावोगाव हिंडत. गुळाच्या वड्या द्यायच्या आणि बदल्यात कोंबडीची पिसे घ्यायची. चांगली पिसे झाडूला, उरलेली शेतात खत म्हणून. म्हणजे आपली बोहारीणच म्हणा ना! पुढे ते सुया-दोरे, बटणे विकू लागले. पण खाजगी व्यापार हा गुन्हा होता. माल जप्त व्हायचा. १९८२ साली फेंग आयछ्यान नावाच्या एका फेरीवालीने तालुक्याच्या मुख्याला गाठून विचारले की, आम्हांला पोट का भरू देत नाही? शिए गाओहुआ हे त्या अधिकाऱ्याचे नाव. त्याने ऐकून घेतले आणि त्याच वर्षी उघडा बाजार भरविण्याची परवानगी दिली. आज यिवूच्या त्या बाजारात सुमारे ७५,००० गाळे आहेत. आपल्या बोहरी आळीत आणि तपकीर गल्लीत जे दिसते, त्यातले कितीतरी तिथून आलेले असते. देशोदेशीचे मुसलमान व्यापारी तिथे जातात. त्यांच्यासाठी मोठी मशीदही आहे.

यिवूसारखीच गोष्ट शेतीची. १९७८ च्या डिसेंबरात आन्हुई प्रांतातल्याच श्याओगांग गावात १८ शेतकऱ्यांनी चोरून एका कागदावर अंगठे उमटविले की, आपली जमीन आपापसांत वाटून कसायची. पीक वाढले, सरकारने डोळेझाक केली आणि मग तीच पद्धत देशभर लागू केली. १९८० साली हाँगकाँगच्या शेजारी शेनझेन येथे परदेशी भांडवलाला मोकळीक दिली. छोटी गावे होती तिथे २०२० च्या जनगणनेत पावणेदोन कोटी वस्ती निघाली.

इथे पुष्कळ लोक म्हणतात की, मजुरी स्वस्त होती म्हणून कारखाने आले. मजुरी तर आपल्याकडेही स्वस्त होती! १९९० च्या सुमारास भारताचे आणि चीनचे दरडोई उत्पन्न जवळजवळ सारखेच होते. आज चीनचे आपल्या सुमारे पाचपट आहे. फरक कुठे पडला? मघाचा जनगणनेचा आकडा आठवा. खेड्यातून शेनझेनला आलेल्या मुलीला आठवी-नववीपर्यंतचे वाचन येत होते. यंत्रावरची सूचना ती वाचू शकत होती, माप घेऊ शकत होती, हिशेब लिहू शकत होती. होय, मुलीला म्हणतो आहे. त्या कारखान्यांतून सुरुवातीला जे लाखो हात आले, त्यांत मुली फार मोठ्या संख्येने होत्या. त्यांनी घरी पैसे पाठविले, धाकट्यांना शिकविले, काहींनी स्वतःची दुकाने काढली. ज्या पुण्यात सावित्रीबाईंच्या बरोबरीने फातिमा शेख मुलींना शिकवीत होत्या, त्या पुण्यातल्या आईबापांना याहून जास्त सांगण्याची गरज नसावी.

आपल्या जिल्ह्यातलेच पाहा. रांजणगावला हायर या चिनी कंपनीचा कारखाना २००७ पासून आहे. फ्रिज तिथे बनतात. तळेगावचा मोटारींचा कारखाना चीनच्या ग्रेट वॉल कंपनीने घ्यायचे २०२० साली ठरविले होते. त्याच जूनमध्ये गलवानला चकमक झाली, आपले २० जवान शहीद झाले आणि तो करार अडकला. दोन वर्षे वाट पाहून कंपनीने नाद सोडला, आणि पुढे २०२३ साली कोरियाच्या ह्युंदाईने तो कारखाना घ्यायचा करार केला. मालक चिनी असो, कोरियन असो की भारतीय; फाटकाशी आयटीआयचा दाखला विचारतात, पदविका विचारतात. दहावीच नसेल तर झाडलोटीचे आणि हमालीचे काम मिळते. तेही काम इज्जतीचे आहे. पण आपल्या मुलाने दुसरे काही निवडायचे ठरविले, तर त्याला तशी मुभा असावी एवढेच माझे म्हणणे आहे.

कोणी म्हणेल, गुरुजी चीनचे गोडवे गात आहेत. तसे नाही. १९६२ साली चीनने आक्रमण केले तेव्हा यशवंतराव दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असे लोक म्हणाले. ती जखम आहेच. आणि चीनने स्वतःच्या माणसांशी जे केले तेही आपण उघड्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे. खेड्यातला माणूस शहरात राबतो, पण १९५८ पासूनच्या नोंदणीच्या पद्धतीमुळे त्याच्या मुलांना शहरातल्या सरकारी शाळेत सहज प्रवेश मिळत नाही. लक्षावधी मुले गावी आजी-आजोबांपाशी राहतात. आपल्या ऊसतोड्यांच्या मुलांची आठवण यावी असेच हे आहे. एकच मूल, हा नियम पस्तीस वर्षे लादला. आता तरुण कमी, म्हातारे जास्त, आणि २०२२ पासून लोकसंख्या घटू लागली आहे. शिकलेल्यांनाही काम मिळेना झाले आहे; जून २०२३ मध्ये शहरी तरुणांतली बेकारी शेकडा २१ च्या वर गेली, तेव्हा सरकारने तो आकडा छापणेच काही महिने थांबविले.

तिथे सुमारे दोन कोटींहून अधिक मुसलमान आहेत. हुई आणि उइगुर हे त्यांतले दोन मोठे समाज. शिनच्यांगमधल्या उइगुरांना मोठ्या संख्येने छावण्यांत डांबण्यात आले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२२ च्या अहवालात हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात असे म्हटले. चीनचे सरकार ते नाकारते. पण तिथले लोक आपल्या वर्तमानपत्रात त्याविषयी दोन ओळी लिहू शकत नाहीत, यातच बरेच काही आले.

करोनाची आठवण ताजी आहे. वूहानच्या ली वेनल्यांग या डॉक्टराने डिसेंबर २०१९ मध्ये सहकाऱ्यांना सावध केले, तर पोलिसांनी बोलावून त्याला तंबी दिली. फेब्रुवारी २०२० मध्ये तो त्याच आजाराने वारला. भारतातला पहिला रुग्ण वूहानला वैद्यक शिकणारी केरळची एक मुलगी होती; तिचा नमुना तपासला तो आपल्या पुण्यातल्या विषाणू संस्थेत. एका डॉक्टराचे तोंड बंद केले आणि त्याची झळ आपल्या पेठांपर्यंत आली.

तेव्हा पालकहो, या सगळ्याचा हिशेब काय? चीन ज्या वेळी शाळा उघडून बसला आणि माणसांना कामधंद्याची मोकळीक दिली, त्या वेळी वर आला. शाळांना कुलूप लावले किंवा बोलणाऱ्याचे तोंड दाबले, त्या त्या वेळी त्याने स्वतःचीच माणसे मारली. आपल्याजवळ बोलण्याचे स्वातंत्र्य घटनेने दिलेले आहे. चिन्यांजवळ ते नाही. पण मुलाला-मुलीला शाळेत टिकवून ठेवण्याचे काम त्यांनी केले आणि आपण अजून पुरते केलेले नाही. त्यासाठी सरकारची वाट पाहायची गरज नाही; ते आपल्या उंबरठ्याच्या आतले काम आहे.

मी त्या दुकानात पुन्हा गेलो होतो. या वेळी उत्तर घेऊन गेलो. त्या भल्या गृहस्थांना म्हणालो, "भाईसाहेब, चीनचा माल विकायला दहावी लागत नाही, हे खरे. पण बनवायला लागते, दुरुस्त करायला लागते, आणि तिकडे जाऊन स्वतः खरेदी करायलाही लागते." ते हसले. हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. तेवढ्यात एक गिऱ्हाईक जळालेला चार्जर परत घेऊन आले आणि भांडू लागले. मुलाने खोके उलटेसुलटे केले आणि माझ्यापुढे धरले, "सर, यावर काय लिहिलंय?" मागे व्होल्ट आणि अँपिअरचे आकडे होते. आठवीच्या विज्ञानातलेच. मी त्याला समजावून सांगितले. त्याने ते गिऱ्हाइकाला समजावून सांगितले आणि दुसरा, योग्य चार्जर दिला. वडील गल्ल्यावरून पाहत होते.

निघताना मी सतरा नंबरच्या फॉर्मची माहिती एका कागदावर लिहून ठेवली. ज्यांची शाळा सुटली आहे त्यांना तो भरून खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येते. दुकान सांभाळून, रात्री दोन तास अभ्यास करून हे जमते. त्या घरून अजून उत्तर आलेले नाही. पण आज हा कागद मी तुम्हां सर्वांसाठी आणला आहे; समारंभ संपल्यावर माझ्याकडून घ्यावा. ज्यांच्या घरी, शेजारी, मोहल्ल्यात असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, त्यांनी मला नुसते नाव सांगावे. या वेळी मी महिना-दीड महिना लावणार नाही.